ऑक्टोबरच्या उकाड्यात कारवारचा समुद्र: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

दसऱ्याची सुट्टी लागली की बेळगाव, खानापूर, निपाणी भागातून गाड्या घाट उतरायला लागतात. बहुतेक गोव्याकडे वळतात. ज्यांना गोव्याची गर्दी नको असते ते कारवार धरतात, आणि माझ्या मते तेच बरोबर करतात. बैतखोलच्या डोंगरापासून काळी नदीच्या मुखापर्यंत वळत गेलेला किनारा, समोर कुर्मगड, देवगड, अंजदीव ही बेटं, पलीकडच्या काठावर सदाशिवगडाचा डोंगर, आणि सह्याद्री इतका जवळ की पाण्यात उभं राहून मान मागे वळवली तर घाटावर जमलेले ढग दिसतात. बेटांमुळे लाटांचा जोर बाहेरच मोडतो, म्हणून शेजारच्या उघड्या किनाऱ्यांपेक्षा इथलं पाणी एरवी शांत असतं. इंग्रजांनी सतराव्या शतकात इथे वखार घातली ती या आडोशामुळे आणि घाटावरून उतरणाऱ्या मिरीमुळे. आज नौदलाचा मोठा तळ इथे आहे, त्यामागेही हा आडोसा आहेच.

मात्र ऑक्टोबर हा इथला सरळ महिना नव्हे. पाऊस पूर्ण गेलेला नसतो, थंडी आलेली नसते आणि हवा अंगाला चिकटते. डिसेंबरच्या सहलीची आखणी ऑक्टोबरात वापरली की माणसं दुपारी बारा वाजता वाळूत फिरतात, संध्याकाळी डोकं धरून बसतात आणि ‘कारवारला काही नाही’ म्हणत परत येतात. हा महिना वेगळ्या वेळापत्रकाने जगावा लागतो. ते एकदा जमलं की हिरवे डोंगर, ताजी मासळी, रिकामा किनारा आणि ढगांनी भरलेलं संध्याकाळचं आकाश, हे सगळं एकत्र मिळणारे हेच दिवस आहेत.

आधी तारखा ठरवा

नैर्ऋत्य मोसमी पाऊस कर्नाटकाच्या किनाऱ्यावरून साधारण ऑक्टोबरच्या मध्यावर माघार घेतो. त्यामुळे महिन्याचे दोन भाग धरा. पहिल्या पंधरवड्यात सर कधीही येऊ शकते, धबधबे वाहते असतात, समुद्र गढूळ असतो. दुसऱ्या पंधरवड्यात ऊन कडक होतं, दुपारनंतर गडगडाटी पाऊस होतो आणि पाणी हळूहळू निवळत जातं. ज्यांना घाट आणि हिरवाई बघायची आहे त्यांनी पहिला भाग घ्यावा. ज्यांना समुद्रात उतरायचं आहे त्यांनी दुसरा. निळंशार पाणीच हवं असेल तर नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत थांबा. काळी नदी तोपर्यंत डोंगरातली लाल माती आणून ओतत असते, आणि वर कद्रा धरणातून पाणी सोडलं की मुखाजवळचा समुद्र तपकिरी दिसतो. तो घाण झालेला नसतो, पण त्यात तळ दिसत नाही, आणि तळ दिसत नाही तिथे पोहू नये.

तारीख निवडताना दिनदर्शिकेवर तिथीही बघा. अमावस्या आणि पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती असते, म्हणजे पाणी जास्त वर चढतं आणि ओहोटीला जास्त खाली जातं. खडकांवरून चालायचं असेल तर ही मोठी ओहोटी सोयीची. पोहायचं असेल तर अष्टमीच्या आसपासचे दिवस बरे, कारण तेव्हा पाण्याची ओढ कमी असते.

आणि १ नोव्हेंबर. त्या दिवशी बेळगावात राज्योत्सवाच्या मिरवणुका असतात आणि मराठी माणूस काळा दिवस पाळतो, त्यामुळे शहरातले मुख्य रस्ते दिवसभर अडलेले असतात. त्या तारखेला निघणार असाल तर उजाडायच्या आत शहराबाहेर पडा, किंवा आदल्या दिवशीच जा.

वाट कुठली धरायची

बेळगावहून कारवारला तीन वाटा आहेत. पहिली खानापूर, लोंढा, रामनगर, जोयडा, अणशी, कद्रा. ही सगळ्यात जवळची आणि सगळ्यात सुंदर. रामनगर हे सुपा धरणात बुडालेल्या गावांचं पुनर्वसन करून वसवलेलं गाव; चहा-नाष्टा इथेच उरका आणि टाकीही इथेच भरून घ्या, कारण पुढे काळी व्याघ्र प्रकल्पाचं जंगल लागतं आणि कितीतरी अंतर मोबाइलला रेंज नसते. अणशी घाटात दरड कोसळून रस्ता बंद होण्याचे प्रकार पावसाळ्यात झालेले आहेत. ऑक्टोबरात डोंगर अजून पाणी धरून असतात, म्हणून आदल्या रात्री बातम्या बघा आणि निघताना रामनगरला एखाद्या ट्रक ड्रायव्हरला विचारा. ताजी खबर त्याच्याकडेच असते. घाट उजेडातच उतरायचा. वळणावर गाडी लावून धबधब्याखाली फोटो काढणारे बरेच दिसतात. तसं करू नका, वरून दगड सुटतात आणि मागून बस येते.

दुसरी वाट अनमोड घाटाने मोले, फोंडा, मडगाव, काणकोण करत पोळेहून माजाळीला उतरते. अंतर वाढतं, रस्ता मोठा आहे. अणशी बंद असेल तर हीच. एक गोष्ट लक्षात ठेवा: गोव्यातून येताना दारूची बाटली गाडीत ठेवू नका. माजाळीच्या नाक्यावर अबकारी तपासणी होते आणि परवान्याशिवाय दारू आणणं गुन्हा आहे. तिसरी वाट हुबळी, यल्लापूर, अरबैल घाट, अंकोला. लांबची, अवजड ट्रकांची. हुबळी-धारवाडच्या माणसाला सोयीची. बेळगावकराने मुद्दाम धरू नये.

एसटीने जायचं तर बेळगावच्या मध्यवर्ती बसस्थानकावरून कारवारच्या बस सुटतात. फलक कानडीत असतात. कोल्हापूर-सांगलीकडून येणाऱ्या पाहुण्यांनी संकोच न करता कंडक्टरला मराठीत विचारावं. या मार्गावर मराठी सगळ्यांना कळते. रेल्वेने जाणाऱ्यांनी लोंढा, कॅसलरॉक, दूधसागर या मार्गाने मडगावला उतरावं आणि तिथून कोकण रेल्वेने कारवार गाठावं. स्टेशन शिरवाडला आहे, गावापासून काही किलोमीटर आत, तिथून रिक्षा मिळते. कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक ऑक्टोबरात संपतं आणि गाड्यांच्या वेळा बदलतात. जाण्याचं तिकीट जुन्या वेळेचं आणि परतीचं नव्या वेळेचं असं होऊ शकतं, म्हणून दोन्ही वेळा निघण्याच्या आदल्या दिवशी पुन्हा तपासा.

उकाडा समजून घ्या

बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरच्या आसपास उंचीवर आहे. आपल्याला गार वाऱ्याची सवय असते. कारवारात ऑक्टोबरात पारा ३१-३२ अंशांच्या आसपास असतो, आणि हा आकडा वाचून आपण निश्चिंत होतो, कारण बेळगावात एप्रिलमध्ये याहून जास्त सोसलेलं असतं. फरक हवेतल्या दमटपणाचा आहे. घाम वाळला तरच अंग गार होतं. कारवारात हवा आधीच पाण्याने भरलेली असते, घाम वाळत नाही, नुसता वाहतो. शरीर पाणी आणि मीठ दोन्ही गमावतं आणि गार मात्र होत नाही. घाट उतरून कद्र्याला पोचलात की गाडीची काच खाली करा. तोंडावर जी ओली ऊब येते, तिच्यात पुढचे दोन दिवस काढायचे आहेत.

म्हणून पहिल्या दिवशी काहीही अवघड ठरवू नका. पोचा, जेवा, झोपा, संध्याकाळी किनाऱ्यावर बसा. शरीराला एक रात्र द्या. तहान लागण्याची वाट न बघता पाणी पीत राहा. नुसतं पाणीही पुरत नाही, मीठ जायला हवं. ओआरएसची पाकिटं जवळ ठेवा. नसतील तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाच्या चमच्याने मोजून. शहाळं आणि कोकम सरबत ठिकठिकाणी मिळतं. सरबतात मीठ घालून मागा. डोकं गरगरणं, मळमळ, पोटऱ्यांत गोळे येणं ही उन्हाची पहिली खूण. लगेच सावलीत आडवं करा, कपडे सैल करा, ओल्या पंचाने अंग पुसून वारा घाला. माणूस बरळायला लागला किंवा शुद्ध हरपली तर घरगुती उपाय करत बसू नका, थेट दवाखान्यात न्या. रक्तदाबाच्या किंवा लघवीच्या गोळ्या चालू असलेल्या वडीलधाऱ्यांनी निघण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारून घ्यावं.

पिशवीत काय

सुती, सैल, फिक्या रंगाचे कपडे, आणि नेहमीपेक्षा दीडपट. इथे रात्री वाळत घातलेला कपडा सकाळी तसाच ओला असतो. जीन्स घरीच ठेवा. टॉवेलऐवजी दोन पंचे घ्या, ते लवकर वाळतात. पट्ट्याच्या सँडल हव्यात. चामड्याचे बूट दोन दिवसांत बुरसटतात. घामोळ्याची पावडर, मांड्या घासल्या जातात त्यांच्यासाठी खोबरेल तेल, डासांचं मलम, आणि छत्री. रेनकोट घालून या हवेत चालणं म्हणजे आतून भिजणं.

खोबरेल तेलाचा दुसराही उपयोग आहे. पावसाळ्यात समुद्र डांबरासारखे चिकट काळे गोळे किनाऱ्यावर टाकतो, त्यांतले काही ऑक्टोबरातही वाळूत सापडतात. पायाला लागले की साबणाने निघत नाहीत, तेलाने निघतात.

कॅमेरा किंवा फोन एसी खोलीतून थेट बाहेर काढला की काचेवर दव धरतं आणि पहाटेचा उजेड निघून जातो. बाहेर पडण्याच्या अर्धा तास आधी तो पिशवीत घालून, पिशवी बंद ठेवून, खोलीबाहेर ठेवा. हळूहळू बाहेरच्या हवेच्या उष्णतेला आला की दव धरत नाही.

खोली

या दिवसांत दिवाळीचे चार दिवस आणि जोडून आलेल्या सुट्ट्या सोडल्या तर खोल्या मिळतात, आणि भावही उतरलेले असतात. घाई करू नका, खोली आधी बघा. दार उघडताच कोंदट वास आला, गादीला हात लावला तर दमट लागली, किंवा भिंतीच्या कोपऱ्यात काळी बुरशी दिसली तर दुसरी मागा. चार महिने बंद राहिलेल्या खोल्या याच महिन्यात उघडतात. खिडकी समुद्राकडे असण्यापेक्षा समोरासमोर दोन खिडक्या असणं महत्त्वाचं. वीज गेली तर वारा तरी खेळतो. कोडीबाग किंवा गावातला मुख्य किनारा जवळ पडेल अशी जागा घ्या, म्हणजे दुपारी परतून आडवं होता येतं. ही दुपारची झोप चैन समजू नका. तिच्याशिवाय संध्याकाळ हाती लागत नाही.

दिवस कसा लावायचा

ऑक्टोबरात इथे सूर्य सव्वासहा ते साडेसहाच्या दरम्यान उगवतो आणि सहा ते सव्वासहाच्या दरम्यान मावळतो. तुमचे कामाचे तास दोनच: उजाडल्यापासून साडेनऊपर्यंत आणि साडेचारपासून अंधार पडेपर्यंत. मधला सगळा वेळ जेवण, झोप, वाचन, गप्पा. पाहण्याच्या ठिकाणांची यादी करून ती संपवायच्या मागे लागलात तर उन्हात सापडाल.

या दोन वेळांना भरती-ओहोटी जोडून घ्या. दिवसातून दोनदा भरती येते आणि रोज पाऊण तासाहून थोडी जास्त पुढे सरकते. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर तिथीवरून वेळ काढायची जुनी रीत आहे: तिथीची पाऊणपट करा. चतुर्थीला चाराचे पाऊण, म्हणजे तीन, म्हणून तीनच्या सुमारास भरती आणि त्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. हा हिशेब मुंबईकडच्या पाण्याला जास्त लागू पडतो. भरती दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकत जाते, त्यामुळे कारवारात ती थोडी आधीच येते. म्हणजे हा नुसता अंदाज झाला. नेमकी वेळ भरतीच्या तक्त्यात बघा किंवा बैतखोलच्या बंदरावर एखाद्या तांडेलकाकांना विचारा.

पाण्यात उतरताना

इथे मी थोडं जास्त सांगणार आहे, कारण जीव इथेच जातात. आपण घाटावरची माणसं. विहिरीत, मलप्रभेच्या डोहात पोहायला शिकलेलो असतो, आणि पोहता येतं या भरवशावर समुद्रात जातो. डोहातलं पाणी जागेवर असतं. समुद्राचं पाणी माणसाला घेऊन जातं.

पावसाळ्यात लाटांनी वाळू हलवलेली असते. मागच्या वर्षी जिथे गुडघाभर पाणी होतं तिथे यंदा खड्डा असू शकतो. लाटा फुटत असताना मध्येच एखादा पट्टा शांत, गडद आणि सपाट दिसतो. नवख्याला तीच जागा सुरक्षित वाटते, आणि पाणी परत समुद्राकडे ओढलं जातं ते नेमकं तिथून. त्यात सापडलात तर किनाऱ्याच्या दिशेने झुंजू नका, दमाल. पाठीवर तरंगा, हात वर करा, आणि किनाऱ्याला समांतर पोहत त्या पट्ट्यातून बाहेर पडा, मग लाटांबरोबर आत या. जीवरक्षक असेल तिथेच उतरा, त्याने लावलेल्या झेंड्यांच्या मध्ये. लाल झेंडा असेल तर पायसुद्धा बुडवू नका. पाणी कमरेच्या वर जाऊ देऊ नका. आणि पिऊन कोणी उतरत असेल तर त्याला धरून ठेवा, तो रागावला तरी चालेल.

काळीच्या मुखाशी, कोडीबागच्या बाजूला, ओहोटीच्या वेळी कधीही उतरू नका. तिथे नदीचा प्रवाह आणि ओहोटी एकाच दिशेने ओढतात. वरून शांत दिसणारं ते पाणी चांगल्या पोहणाऱ्यालाही घेऊन जातं.

किनाऱ्यावर पारदर्शक, चिकट गोळे पडलेले दिसले तर ते जेलीफिश. मुलांना काठीनेही डिवचू देऊ नका. दंश झालाच तर समुद्राच्याच पाण्याने धुवा, गोड्या पाण्याने नको, आणि चोळू नका. श्वास लागला किंवा सूज पसरली तर लगेच दवाखाना.

होडीने बेटावर किंवा देवबागला जाताना लाइफ जॅकेट अंगात घालून, बंद बांधूनच बसा. मांडीवर ठेवलेलं जॅकेट उपयोगाचं नाही. जानेवारी २०१९ मध्ये कुर्मगडच्या नरसिंहाच्या जत्रेहून परतणारी होडी कारवारजवळ उलटली आणि १६ जण गेले. होडी भरलेली दिसली तर पुढची घ्या. हवा बदलल्यामुळे होड्या बंद ठेवल्या असतील तर जास्त पैसे देऊन कोणाला तयार करू नका. कुर्मगडची जत्रा पौष पौर्णिमेला असते, तेव्हा समुद्रही निवळलेला असतो. ऑक्टोबरात बेट किनाऱ्यावरूनच बघितलेलं बरं, असं माझं मत आहे.

दुपारचे ढग

परतीच्या पावसाचे ढग दुपारी सह्याद्रीवर उभे राहतात आणि संध्याकाळकडे समुद्राच्या दिशेने सरकतात. म्हणजे तुम्ही सूर्यास्ताकडे तोंड करून बसलेले असता आणि वादळ पाठीमागून येतं. दर थोड्या वेळाने मागे वळून बघा. डोंगरावरचा ढग काळा झाला आणि पहिला गडगडाट ऐकू आला की उठा. मोकळ्या वाळूवर उभा माणूस हीच तिथली सगळ्यात उंच वस्तू असते. सुरूच्या झाडांखाली आसरा घेऊ नका. पक्क्या इमारतीत जा, नाहीतर गाडीत काचा लावून बसा. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास जाऊ द्या. आणि मग जरूर परत या, कारण पाऊस पडून गेल्यावर हवा तासभर खरोखर गार होते आणि बेटांच्या कडा अगदी जवळ आल्यासारख्या दिसतात.

काय बघायचं, कधी बघायचं

गावाला लागून असलेल्या मुख्य किनाऱ्याला रवींद्रनाथ टागोरांचं नाव आहे. त्यांचे थोरले बंधू सत्येंद्रनाथ, आयसीएस झालेले पहिले भारतीय, इथे जिल्हा न्यायाधीश होते. १८८३ मध्ये बाविशीतले रवींद्रनाथ त्यांच्याकडे राहायला आले आणि इथेच त्यांनी एक नाटक लिहिलं. किनारा संध्याकाळचा. तिथेच ‘चपल’ ही क्षेपणास्त्र नौका जमिनीवर आणून संग्रहालय केलंय. १९७६ मध्ये ती नौदलात आली, २००५ मध्ये निवृत्त झाली आणि पुढच्या वर्षापासून लोकांना बघायला खुली आहे. आत खलाशांच्या झोपायच्या जागा, नियंत्रण कक्ष, सगळं बघता येतं आणि मुलांना ते फार आवडतं. पण ते पोलादी पेटाड आहे. दुपारच्या उन्हात आत शिरू नका, संध्याकाळी उघडताच जा.

सदाशिवगड सकाळचा. काळीचा पूल ओलांडला की लगेच डोंगर. सोंद्याच्या राजांनी हा किल्ला बांधला. आज तटाचे अवशेष तेवढे उरलेत. वर जायचं ते देखाव्यासाठी: खाली नदी समुद्राला मिळते ती जागा, पूल, एका बाजूला देवबागची सुरूची बनं, दुसऱ्या बाजूला कारवार गाव. सकाळी सातला सूर्य पाठीमागे असतो आणि मुखावर थेट उजेड पडतो. याच परिसरात १६६५ च्या फेब्रुवारीत, बसरूरच्या आरमारी स्वारीहून परतताना, शिवाजी महाराज आले होते आणि कारवारच्या इंग्रज वखारीकडून खंडणी वसूल झाली होती. आपल्याकडच्या मुलांना हे तिथे उभं राहून सांगा. खाली उतरताना पुलावर गाडी थांबवू नका. बाजूचा जुना पूल ७ ऑगस्ट २०२४ च्या मध्यरात्रीनंतर कोसळला, तेव्हापासून भार नव्या पुलावर आहे.

देवबाग पलीकडच्या काठावर आहे. मालवणजवळच्या देवबागशी याचा संबंध नाही. नकाशात नाव टाकताना तालुका कारवार असल्याची खात्री करा, नाहीतर फोन तुम्हाला सिंधुदुर्गाकडे वळवेल.

माझं सगळ्यात आवडतं ठिकाण तिळमाती. माजाळीच्या किनाऱ्याच्या उत्तर टोकाला डोंगर आहे, तो पायवाटेने ओलांडला की पलीकडे लहानशी वाळूची जागा लागते, आणि तिथली वाळू तिळासारखी काळी, जाड दाण्याची. हातात घेतली तर बोटांना चिकटत नाही. इथे ओहोटीला, सकाळी जा. पावसाने पायवाटेवर शेवाळं धरलेलं असतं, म्हणून खोबणीचे तळवे असलेली चप्पल घाला. काळी वाळू ऊन लवकर धरते, दहानंतर अनवाणी पाय टेकवत नाही. तिथे दुकान नाही, सावली जेमतेम, जीवरक्षक नाही. पाणी सोबत न्या, पोहू नका, आणि प्लास्टिकची बाटली परत आणा. वाळू पिशवीत भरून नेणारे वाढले आहेत. कृपा करून नेऊ नका, जागा इवलीशी आहे.

बिणगा आणि आर्ग्याच्या बाजूला नौदलाची हद्द सुरू होते. अंजदीव बेटही त्यांच्याच ताब्यात आहे. फलक दिसला की फोन खिशात. ड्रोन तर घरूनच आणू नका.

मासळी

कर्नाटकाच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. ऑगस्टमध्ये होड्या निघतात आणि ऑक्टोबरपर्यंत बाजार भरलेला असतो. बांगडा, तारली, सुंगटं, इसवण, आणि काळीच्या खाडीतल्या तिसऱ्या. नवरात्रात बरीच घरं शाकाहारी असतात, तेव्हा भावही उतरतात. सकाळी बाजारात जा, मावशींशी कोकणीत नाहीतर मराठीत बोला, दोन्ही चालतं. हसून भाव करा. फार ताणू नका, त्या पहाटेपासून बसलेल्या असतात.

या हवेत मासा फार लवकर उतरतो. डोळे फुगीर आणि चकचकीत, कल्ले लाल, बोटाने दाबलं तर खड्डा राहू नये. बांगड्याबाबत विशेष काळजी घ्या. तो बर्फाविना उन्हात राहिला की त्यात असं द्रव्य तयार होतं जे शिजवूनही जात नाही. खाल्ल्यावर चेहरा लाल होतो, अंगाला खाज सुटते, डोकं दुखतं. लोक त्याला माशाची ॲलर्जी समजतात आणि जन्मभर बांगडा सोडतात. प्रत्यक्षात दोष त्या दिवशीच्या शिळ्या माशाचा असतो.

जेवायला मोठ्या हॉटेलपेक्षा घरगुती खानावळ बघा, दुपारी एकच्या आत पोचा. तिरफळ घातलेली बांगड्याची आमटी, उकड्या तांदळाचा भात, रव्यात तळलेलं काहीतरी आणि शेवटी सोलकढी. या उकाड्यात पोटाला हे सोसतं, कारण जेवण आंबट आणि पातळ असतं. तांबड्या रश्श्याची सवय असलेल्यांनी इथे मटणाच्या मागे लागू नये. शाकाहारी मंडळींना उडपी हॉटेलं आहेतच.

परतताना

शेवटच्या दिवशी सकाळचा समुद्र घ्या, पण अकराच्या आत खोली सोडा. अणशी घाट दुपारच्या ढगांच्या आधी चढून जायला हवा, आणि जोयड्याच्या जंगलात अंधार पडण्याची वेळ येऊ नये. ओले कपडे प्लास्टिकच्या पिशवीत कोंबू नका, एका रात्रीत तीट पडते आणि डाग जात नाही. जुन्या चादरीत सैल गुंडाळा. मासे न्यायचे असतील तर सुकी मासळी घ्या, ताजी बर्फात घातली तरी ऑक्टोबरच्या उन्हात बेळगावपर्यंत भरवशाची राहत नाही. घरी पोचल्यावर दुसऱ्या दिवशी गाडीचा खालचा भाग गोड्या पाण्याने धुऊन घ्या, खाऱ्या हवेने नटबोल्ट गंजतात. आणि त्यानंतरच्या आठ-दहा दिवसांत कोणाला ताप आला तर अंगावर काढू नका. रक्त तपासायला जाताना डॉक्टरांना आवर्जून सांगा की आम्ही किनारपट्टीवर जाऊन आलो आहोत.